कुलूपबंद वाद्ये आणि बदलते प्रक्रियक

ध्वनिमुद्रणशाळेत एके काळी भिंतीला लागून यंत्रांची कपाटे उभी असत. गायकाचा आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा वाटावा म्हणून एक यंत्र, खालच्या व वरच्या पट्टीतील ध्वनींचा तोल सांभाळण्यासाठी दुसरे, लहानमोठ्या आवाजांतील तफावत कमी करण्यासाठी तिसरे, अशी ती रचना होती. आज ही बहुतेक कामे संगणकातील लहान लहान आज्ञावल्या करतात. पियानो, व्हायोलिन किंवा तबला यांचे ध्वनी निर्माण करणाऱ्या आज्ञावल्याही उपलब्ध आहेत. अशा आज्ञावलीला प्लगइन असे म्हणतात. प्लगइन स्वतंत्रपणे काम करीत नाही. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या मोठ्या आज्ञावलीत ते जोडावे लागते. या मोठ्या आज्ञावलीला यजमान म्हणण्याचा प्रघात आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची जोडणीची पद्धती प्रचारात आणली आणि पुढे जगभरच्या लहानमोठ्या कर्त्यांनी हजारो प्लगइन तयार केली.

एखादा संगीतकार अशी वीस-पंचवीस प्लगइन रीतसर किंमत देऊन विकत घेतो, त्यांच्या साहाय्याने अनेक वर्षे संगीतरचना करतो आणि पुढे जुना संगणक थकल्यामुळे नवा, अधिक वेगवान संगणक आणतो. नव्या यंत्रावर जुनी रचना उघडताच काही वाद्ये मुकी झाल्याचे त्याला आढळते. यंत्र बिघडलेले नसते आणि खरेदीची पावतीही त्याच्याजवळ असते. असे असूनही वाद्य वाजत नाही. असे का घडते, हे समजण्यासाठी प्लगइनवरील कुलूप कसे असते आणि संगणकाचा प्रक्रियक कोणती भाषा जाणतो, या दोन गोष्टींचा विचार करावा लागतो.

कुलूप कशासाठी आणि कसे

लाकडी सतार घडविण्यास कारागिराला जितके श्रम पडतात, जवळजवळ तितकेच दुसरी सतार घडविण्यास पडतात. आज्ञावलीचे तसे नाही. पहिली प्रत सिद्ध होण्यास कित्येक महिने लागतात, पण दुसरी प्रत क्षणार्धात व विनाखर्च निघते. प्लगइन तयार करणाऱ्या अनेक संस्था लहान असतात. कित्येकदा तो दोघा-चौघांचा उद्योग असतो. फुकट प्रती पसरल्या तर त्यांचा चरितार्थच अडचणीत येतो. यास्तव विकत घेणाऱ्यालाच प्लगइन वापरता यावे अशी योजना करणे त्यांना भाग पडते.

या योजनेचा एक परिचित प्रकार म्हणजे डोंगल होय. बोटाएवढे हे उपकरण संगणकाच्या खोबणीत बसविले जाते. प्लगइन त्याला एक संख्या पाठविते. डोंगल आपल्या पोटातील गुप्त किल्लीने त्या संख्येवर गणित करून उत्तर परत देते. उत्तर बरोबर आले तरच प्लगइन पुढे चालते. स्टाइनबर्गच्या क्युबेस या आज्ञावलीसाठी अनेक वर्षे असेच उपकरण लागत असे. अमेरिकेतील पेस या कंपनीचे आयलॉक हे उपकरणही संगीतक्षेत्रात सर्वत्र परिचित आहे. दुसऱ्या प्रकारात परवाना संगणकाशीच बांधला जातो. यंत्राच्या विविध भागांच्या क्रमांकांवरून त्याची ओळख ठरविली जाते आणि कर्त्याच्या दूरस्थ संगणकाकडून त्या ओळखीला मान्यता मिळवावी लागते.

परंतु ‘उत्तर बरोबर आहे काय’ ही तपासणी आज्ञावलीत एकाच ठिकाणी असेल, तर कुशल चोर तेवढी एक आज्ञा पुसून टाकतो आणि कुलूप निरुपयोगी होते. म्हणून कुलूप करणाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. आज्ञावलीचे महत्त्वाचे भाग ते सांकेतिक लिपीत गुंडाळून ठेवतात. प्लगइन चालू झाल्यावरच ते भाग संगणकाच्या स्मृतीत उलगडले जातात. शिवाय आपल्यात कोणी फेरफार केला आहे काय, हे आज्ञावली स्वतःच वारंवार तपासून पाहते. दाराला लावलेले कुलूप काढून घेता येते, पण हे कुलूप भिंतीच्या प्रत्येक विटेत मुरलेले असते. त्याचे सामर्थ्य यातच आहे, आणि पुढे येणाऱ्या अडचणीचे मूळही यातच आहे.

प्रक्रियकाची भाषा

संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रक्रियक. त्याला मनुष्याची भाषा कळत नाही. बेरीज कर, ही संख्या तेथे ठेव, अमुक आज्ञेकडे जा, अशा ठरावीक आज्ञांचा एक संच तो जाणतो. निरनिराळ्या घराण्यांच्या प्रक्रियकांचे आज्ञासंच निरनिराळे असतात. इंटेल कंपनीच्या परंपरेतील प्रक्रियकांत एक आज्ञा १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. एआरएम परंपरेतील ६४ बिटांच्या प्रक्रियकांत मात्र प्रत्येक आज्ञा नेमकी ४ बाइटांची असते. एका परंपरेसाठी सिद्ध केलेली आज्ञावली दुसरीला निव्वळ निरर्थक आकड्यांची रांग वाटते.

अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकांवर संगीताचे काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. या संगणकांनी तीन वेळा आपली भाषा बदलली. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसी प्रक्रियकांकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० च्या नोव्हेंबरात इंटेलकडून ॲपलच्या स्वतःच्या, एआरएम परंपरेतील एम-१ प्रक्रियकाकडे अशी ही स्थित्यंतरे झाली. नवा प्रक्रियक वीज कमी वापरतो आणि काम वेगाने करतो, हे त्याचे गुण निर्विवाद आहेत. तथापि दर स्थित्यंतराच्या वेळी जुन्या आज्ञावल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

दुभाष्याची मर्यादा

या प्रश्नावर ॲपलने दुभाष्याची योजना केली. रोझेटा-२ नावाची ही आज्ञावली इंटेलच्या भाषेतील आज्ञांचे एआरएमच्या भाषेत भाषांतर करते. बरेचसे भाषांतर आज्ञावली प्रथम चालविण्यापूर्वीच उरकले जाते. त्यामुळे सामान्य वापरात फारसा फरक जाणवत नाही.

संगीतात मात्र दोन अडचणी येतात. पहिली अडचण वेळेची आहे. ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपाने साठविला जात असेल आणि संगणक एका वेळी १२८ नमुने हाताळत असेल, तर प्रत्येक घासासाठी त्याला सुमारे २.९ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत यजमानाला सर्व प्लगइनची कामे आटोपावी लागतात. एकदा जरी उशीर झाला तरी ध्वनीत तडतड ऐकू येते. भाषांतराचा लहानसा बोजाही येथे जड होऊ शकतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्लगइन सामान्यतः यजमानाच्याच प्रक्रियेत, म्हणजे त्याच्याच घरात राहून काम करते आणि एका प्रक्रियेत दोन भाषा नांदू शकत नाहीत. यजमान एआरएमच्या भाषेत चालत असेल तर त्याला इंटेलच्या भाषेतील प्लगइन आत घेता येत नाही. ॲपलच्या लॉजिक प्रो या यजमानाने आपल्या पद्धतीच्या जुन्या प्लगइनना शेजारच्या स्वतंत्र प्रक्रियेत बसवून मार्ग काढला. परंतु ही सोय प्रत्येक यजमानात नाही. जेथे ती नाही, तेथे एका जुन्या प्लगइनसाठी संपूर्ण यजमानच दुभाष्याकरवी चालवावा लागतो. नव्या यंत्राचा वेग मग एका जुन्या वाद्यासाठी गहाण पडतो.

कुलूप कोठे अडते

साध्या प्लगइनचा कर्ता मूळ आज्ञावली नव्या प्रक्रियकासाठी पुन्हा संकलित करतो, चाचण्या घेतो आणि नवी प्रत ग्राहकांना देतो. कुलूपबंद प्लगइनच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण कुलूप यंत्राच्या भाषेतच कोरलेले असते. इंटेलच्या आज्ञांची लांबी अनिश्चित असल्याचा लाभ घेऊन कुलूप करणारे एखाद्या आज्ञेच्या मध्यभागी उडी घेण्याची युक्ती योजू शकतात. तशा ठिकाणी आज्ञावली वाचू पाहणारा चोर फसतो. प्रत्येक आज्ञा ४ बाइटांचीच असेल तेथे ही युक्ती लागू पडत नाही. तेथे कुलपाची घडणच नव्याने करावी लागते.

शिवाय नव्या मॅकिंटॉशमध्ये सुरक्षिततेचे नियम अधिक कडक आहेत. एआरएमच्या भाषेतील प्रत्येक आज्ञावलीवर अंकीय स्वाक्षरी असणे तेथे आवश्यक आहे. स्वाक्षरीनंतर मजकूर बदलला तर ती जुळत नाही. त्याचप्रमाणे स्मृतीचा एखादा भाग एकाच वेळी लिहिण्याजोगा आणि चालविण्याजोगा ठेवता येत नाही. दुष्ट आज्ञावल्यांना पायबंद घालण्यासाठी हे नियम योग्यच आहेत. पण कुलूपबंद प्लगइनही नेमके हेच करीत असते. गुंडाळलेल्या आज्ञा ते स्मृतीत लिहिते आणि लगेच चालविते. चोराला अडविण्यासाठी योजलेली युक्ती आणि घुसखोराला अडविण्यासाठी केलेला नियम येथे परस्परांच्या आड येतात.

बहुतेक कर्ते कुलूप स्वतः घडवीत नाहीत, ते दुसऱ्या कंपनीकडून घेतात. त्या कंपनीची साधने नव्या प्रक्रियकासाठी सिद्ध होईपर्यंत कर्त्याचे हात बांधलेले राहतात, मग त्याचे स्वतःचे काम पूर्ण झालेले का असेना. म्हणजे यजमान, प्लगइन, कुलूप आणि संगणकाची कार्यप्रणाली या चौघांची गाठ जुळल्यावाचून संगीतकाराला स्वर ऐकू येत नाही.

कर्ता किंवा किल्ली नाहीशी झाल्यावर

उशीर ही सोसण्याजोगी गोष्ट आहे. त्याहून बिकट प्रसंग म्हणजे कर्त्याने व्यवसायच बंद करणे. त्याचा दूरस्थ संगणक बंद झाला की नव्या यंत्राच्या ओळखीला मान्यता देणारे कोणी उरत नाही. चालू असलेल्या मोठ्या संस्थाही आपल्या पद्धती बदलतात. स्टाइनबर्गने २०२२ मध्ये क्युबेसच्या बाराव्या आवृत्तीपासून डोंगलची अट काढून टाकली आणि जुन्या ई-लायसेन्सर पद्धतीची सेवा २०२५ च्या मे महिन्यात बंद केली. दुभाष्याचे आयुष्यही मर्यादित असते. पॉवरपीसीसाठी केलेली पहिली रोझेटा २०११ च्या कार्यप्रणालीतून वगळण्यात आली. रोझेटा-२ ची सर्वसाधारण सोय मॅक-ओएस २७ या आवृत्तीपर्यंतच राहील, असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

कायद्यानेही या अडचणीची दखल घेतली आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे तांत्रिक कुलूप तोडण्यास मनाई केली. त्या कायद्याखाली ठरावीक काळाने अपवाद जाहीर केले जातात. नादुरुस्त झालेल्या व कालबाह्य ठरलेल्या डोंगलमुळे ज्या आज्ञावल्या उघडत नाहीत, त्यांच्यासाठी २००३ मध्ये अपवाद मान्य झाला. २००६ व २०१० मध्ये तो पुन्हा दिला गेला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. ‘हेतूने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कायद्याचा रोख चोराकडे आहे.

काय करता येईल

कर्त्यांच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय करता येण्यासारखी आहे. कुलपाचा आराखडा आखतानाच ते पुढे कसे उघडावयाचे, याचीही तरतूद त्यांनी करून ठेवावी. मूळ आज्ञावली कुलपापासून वेगळी ठेवली तर नव्या प्रक्रियकाकडे जाणे सुकर होते. उद्योग बंद करताना ग्राहकांना कुलूपरहित प्रत देता आली, तर त्यांनी मोजलेले मूल्य व्यर्थ जात नाही.

संगीतकाराने व संग्रहालयाने काय करावे, याचे उत्तर सोपे आहे. प्लगइनमधून निघालेला प्रत्येक वाद्याचा ध्वनी रचना पूर्ण होताच स्वतंत्रपणे साध्या ध्वनिसंचिकेत उतरवून ठेवावा. युरोपातील नभोवाणी संस्थांच्या संघाने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हे ध्वनिसंचिकेचे खुले स्वरूप प्रसिद्ध केले. ते कोणत्याही एका प्रक्रियकावर वा कुलपावर अवलंबून नाही. त्यात ध्वनीचे नमुने क्रमाने लिहिलेले असतात आणि ते वाचण्याची रीत सर्वांना ठाऊक असते. रचनेसोबत यजमानाचे व प्लगइनचे नाव, आवृत्ती आणि केलेल्या मांडण्या साध्या मजकुरात नोंदवाव्या. आवश्यक ती सर्व प्लगइन नव्या यंत्रावर चालतात अशी खात्री होईपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.

असे उतरविलेले ध्वनी जवळ असले म्हणजे जुन्या वाद्याचा एखादा स्वर बदलण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, हे खरे. पण रचना ऐकता येते, इतर वाद्यांशी तिचा मेळ नव्याने घालता येतो आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सोपविता येते. प्रक्रियक यापुढेही बदलत राहतील आणि त्यांच्याबरोबर कुलुपेही बदलतील. आज पूर्ण झालेली रचना वीस वर्षांनी ऐकू यावी असे ज्याला वाटते, त्याने ती आजच साध्या ध्वनिसंचिकेत उतरवून ठेवावी.