डीजेची सुपारी ठरली, पण कार्यालयाचा चार्ज कोण भरणार?

लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या दारात डीजेवरून हमखास वाजतं. बुकिंग करताना यजमान हॉल, भांडी, जेवण सगळं विचारतात. डीजेचा विषयच निघत नाही. टेम्पो दारात आला की मॅनेजर सांगतो, बाहेरचा डीजे असेल तर चार्ज वेगळा, लाईटचे पैसे वेगळे. यजमान म्हणतात, ते डीजेवाल्यानं बघावं. नवख्या पोराची निम्मी सुपारी तिथंच जाते. म्हणून इसार घेतानाच 'कार्यालयाचा चार्ज यजमानाकडे' एवढी ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावी आणि मॅनेजरलाही फोन करावा.

टेबलाचंही तसंच. जेवणाचं टेबल डुगडुगतं, बेस वाजला की त्यावरचा लॅपटॉप हलतो. आपलं घडीचं टेबल न्यावं, स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ करून लावावं. नाहीतर पोरंसोरं मागच्या वायरीत अडकतात. आचाऱ्याच्या बोर्डावरून लाईन घेऊ नये.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. वरात उशिरा आली आणि वाजवायला तासभरच उरला, तर पैसे कापायचे का, हेही इसाराच्या वेळीच बोलून घ्यावं.