तोडफोड झालेला पियानो: आतलं नुकसान फोनने कसं शोधाल?

गॅदरिंगच्या रात्री आमच्या कॉलेजच्या हॉलमधला जुना अपराइट पियानो कोणीतरी फोडला. पट्ट्या उचकटलेल्या, झाकणावर घाव, आत कोल्ड्रिंक ओतलेलं. 'भंगारात द्या,' असा निरोप आला. मी चार दिवस मागून घेतले. पट्ट्या तुटल्याचं दिसतं आणि त्या बदलताही येतात. खरी भीती आत असते.

पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १५ ते २० टन. तो पेलते बिडाची फ्रेम. तिला तडा गेला असेल तर बहुतेक वेळा खेळ खलास, कारण बीड वेल्ड करणं अवघड. म्हणून आधी तीच बघा. वरचं झाकण उघडा, खालची फळी काढा, टॉर्च तिरका धरा आणि कॅमेरा झूम करा. तिरक्या उजेडात तड्याची सावली पडते. नुसता रंग उडाला असेल तर ती रेघ खोल दिसत नाही. आमची फ्रेम शाबूत निघाली. हुश्श!

मग ट्यूनर अ‍ॅप. मधल्या सा-रे-ग-मच्या भागात एका पट्टीला तीन तारा असतात, त्यामुळे दोन तारा रबराच्या तुकड्याने दाबून एकेकच वाजवा. नाहीतर अ‍ॅप गोंधळतं. मधल्या सी च्या वरचा ए ४४० हर्ट्झला हवा. आमचा ४३१ दाखवत होता, पण सगळ्याच तारा तशाच उतरलेल्या. ते वर्षानुवर्षांचं दुर्लक्ष, तोडफोड नव्हे. आकडे लिहून ठेवले आणि चार दिवसांनी पुन्हा मोजले. हवेतल्या दमटपणामुळे सूर बदलला तर आजूबाजूच्या तारा मिळून सरकतात. इथे फक्त सहा तारा आणखी उतरल्या होत्या. त्यांच्या खुंट्यांवर घाव बसले होते, म्हणजे लाकडात खुंट्या ढिल्या झाल्यात. (खुंट्या स्वतः फिरवू नका हं, तार तुटली तर डोळ्यावर येते.)

कोल्ड्रिंकचं काय? स्लो मोशनमध्ये एकेक पट्टी शूट केली. नऊ हातोड्या परत यायला उशीर करत होत्या, साध्या डोळ्यांना त्यातल्या चारच कळल्या.

मागच्या बाजूने साउंडबोर्डही बघितला. एक बारीक चीर आहे, पण वाजवताना खरखर येत नाही, तेव्हा तिची घाई नाही.

हे सगळे फोटो, आकडे आणि व्हिडिओ ट्यूनर काकांना व्हॉट्सअ‍ॅप केले. ते शनिवारी येणार आहेत, आणि भंगारवाल्याला तूर्तास थांबायला सांगितलंय.