विश्लेषण : 'बोट दाखवा, जेवा'... फिलिपिन्सच्या खाणावळींत भात इतका महत्त्वाचा का?

मनिलातील कोणत्याही बाजारपेठेत, बस थांब्यालगत दुपारी एक दृश्य हमखास दिसते. काउंटरवर ओळीने मांडलेली पातेली, समोर जीपनीचालक, मजूर, कारकून. हवा त्या पातेल्याकडे बोट दाखवायचे, भात सांगायचा आणि बाकावर बसून जेवायचे. या खाणावळींचे अर्थकारण तांदळाच्या भावावर चालते.

'कारिंदेरिया' म्हणजे काय?

घरगुती जेवण देणारी छोटी खाणावळ. बोट दाखवून पदार्थ निवडायचा म्हणून तिला 'तुरो-तुरो' असेही म्हणतात. तागालोग भाषेत 'तुरो' म्हणजे दाखवणे. पदार्थ सकाळीच शिजलेले असतात. व्हिनेगर, सोया सॉस आणि लसणात शिजवलेले मांस म्हणजे 'अदोबो', तर चिंचेचे आंबट सार म्हणजे 'सिनिगांग'. भातासोबतच्या अशा प्रत्येक पदार्थाला 'उलाम' म्हणतात. उलामचे आणि भाताचे पैसे वेगवेगळे.

भारताशी संबंध कसा?

'कारिंदेरिया' हा शब्द 'करी'वरून आला असे मानले जाते. १७६२ ते १७६४ या काळात मनिला ब्रिटिशांच्या ताब्यात होते. त्यांच्या फौजेत मद्रासचे शिपाई होते आणि त्यांतील काही जण मनिलाजवळच्या काइंता परिसरात स्थायिक झाले. चवीचे साम्यही आहे. बिकोल प्रांतातील 'लाइंग' हा अळूची वाळलेली पाने, नारळाचे दूध आणि मिरचीचा पदार्थ मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. मात्र त्यात बहुधा कोळंबीची खारवलेली चटणी किंवा डुकराचे मांस असते. शाकाहारींनी विचारूनच घ्यावे.

'अनली राइस'चा वाद काय होता?

'अनली राइस' म्हणजे हवा तेवढा भात. इलोइलो शहरात २००३ मध्ये सुरू झालेल्या 'मांग इनासाल' या उपाहारगृह साखळीने भाजलेल्या चिकनसोबत तो देशभर लोकप्रिय केला. २०१७ मध्ये सिनेटर सिंथिया विलार यांनी मधुमेहाचा धोका सांगत त्यावर बंदीचा विचार मांडला. टीका होताच असा कायदा आणण्याचा इरादा नसल्याचे त्यांना स्पष्ट करावे लागले. थोड्या कालवणावर पोट भरणाऱ्यांचा भातच काढून घेतला जातो आहे, अशी ती भावना होती.

तांदूळ महागला की काय होते?

फिलिपिन्स हा जगातील सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. फिलिपिन्सची बहुतांश आयात व्हिएतनाममधून होते. पण जागतिक भाव चढल्याने झळ तिथेही पोहोचली. सप्टेंबरमध्ये सरकारने साध्या तांदळाला किलोमागे ४१ आणि अधिक सडलेल्या तांदळाला ४५ पेसो अशी कमाल किंमत ठरवली. महिनाभराने ती मागे घेतली. ऑक्टोबरमध्ये भारताने फिलिपिन्ससाठी २ लाख ९५ हजार टन निर्यातीची मुभा दिली.

खाणावळवालीची कोंडी कोणती?

भाव वाढवला तर रोजचे गिऱ्हाईक तुटते आणि न वाढवला तर हाती काही उरत नाही. वाटी लहान करावी, तर समोरचा ओळखीचा असतो. आपल्याकडच्या राइस प्लेटवाल्यालाही हा हिशेब नवा नाही. दिल्लीत निघालेल्या निर्यातबंदीच्या आदेशाचा परिणाम मनिलातल्या भाताच्या वाटीपर्यंत पोहोचतो, तो असा.