उत्तर आहे कशावरून?

पत्र्याच्या कडेचं तापमान माहीत आहे, आतलं काढायचंय. समीकरण लाप्लासचं. अशा प्रश्नांसाठी रीमानने 1851 च्या प्रबंधात सोपी वाट धरली: कडेची अट पाळणाऱ्या फलनांपैकी ज्याची ऊर्जा सर्वांत कमी, तेच उत्तर. ऊर्जा ऋण होत नाही, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेचं फलन असणारच! (फौजेत नकाशावरची वाट जमिनीवर आहे का, हे आम्ही आधी माणूस पाठवून बघायचो.)

1870 मध्ये वायरस्ट्रासने इथेच बोट ठेवलं. क्ष उणे 1 ते 1. फलन डाव्या टोकाला 0, उजव्या टोकाला 1. खर्च म्हणजे 'क्ष गुणिले चढ' याच्या वर्गाचं संकलन. शून्याच्या दोन्ही बाजूंना ह अंतरातच सरळ रेषेत चढण उरकली, तर खर्च येतो ह भागिले 6. कागदावर करून बघा. ह लहान करत गेलात की खर्च शून्याकडे जातो. पण शून्य खर्च म्हणजे चढ कुठेच नाही. मग 0 वरून 1 वर पोचलात कसे?

हिल्बर्टने 1900 च्या सुमारास ही वाट पुन्हा बांधली. पुढे अवकाशच असा घेतला, की एकमेकांजवळ सरकणाऱ्या फलनांची सीमा त्यातच सापडावी. लॅक्स-मिलग्रामचं 1954 चं प्रमेय आणखी एक अट घालतं: ऊर्जा फलनाच्या आकारमानाच्या वर्गाच्या ठराविक पटीखाली उतरता कामा नये. वायरस्ट्रासकडे शून्याजवळची चढण जवळपास फुकट, म्हणून तिथे अट मोडते. पत्र्याला ती लागू पडते, आणि उत्तर एकच मिळतं.

मात्र हे 'दुर्बल' उत्तर. त्याचं दोनदा विकलन होतं का, ते पुढच्या भागात.