४ जीबीपेक्षा लहान फाईल्स कॉपी करताय? ‘फाइंड’ कमांडचा हा हिशोब आधी समजून घ्या

लॅपटॉप भरला की आपण काय करतो? व्हिडिओ पेनड्राईव्हवर टाकतो आणि लॅपटॉपवरून उडवतो. पण पेनड्राईव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल बसतच नाही. पेनड्राईव्ह ६४ जीबीचा आणि पूर्ण रिकामा असला तरीही.

मग फक्त लहान फाईल्स कशा निवडायच्या? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये हे काम एका ओळीत होतं.

फाईल्स निवडायच्या कशा?

त्यासाठी ‘फाइंड’ ही कमांड आहे. तिला फोल्डरचं नाव आणि ‘साइज’ हा पर्याय द्यायचा. आकड्याआधी अधिकचं चिन्ह म्हणजे त्याहून मोठ्या फाईल्स, वजाचं चिन्ह म्हणजे त्याहून लहान. आकड्यानंतर एम लिहिलं तर एमबी, जी लिहिलं तर जीबी.

मग गडबड कुठे होते?

‘वजा ४ जी’ लिहिलं की झालं, असं वाटतं. पण तुलना करण्याआधी फाइंड प्रत्येक फाईलचा आकार पुढच्या पूर्ण आकड्यावर नेते. म्हणजे ३.२ जीबीचा व्हिडिओ तिच्या हिशोबात ४ जीबीचा. चार हे चारपेक्षा लहान नाही, म्हणून तो वगळला जातो. कुठलाही एरर येत नाही. त्यानंतर मूळ फोल्डर डिलीट केलं, की व्हिडिओ गेलाच.

याच नियमाने ‘वजा १ एम’ लिहिल्यावर फक्त ० बाइटच्या, म्हणजे रिकाम्या फाईल्स मिळतात.

उपाय काय?

आकार बाइटमध्ये द्यायचा. ४ जीबी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. हा आकडा स्वल्पविरामाशिवाय लिहून पुढे सी हे अक्षर जोडलं की तुलना अचूक होते.

कॉपी करताना काय बघायचं?

फाइंडच्या ‘एक्झेक’ पर्यायातून ‘सीपी’ कमांड चालवता येते. मात्र दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाईल्स असतील, तर नंतरची आधीचीवर न विचारता बसते. सीपीला ‘पेरेंट्स’ हा पर्याय दिला, तर फोल्डरची रचना तशीच राहते आणि दोन्ही फाईल्स वाचतात.

डिलीट करण्याआधी एक काम नक्की करा. साइजच्या अटीआधी उद्गारचिन्ह आणि एक स्पेस देऊन फाइंड पुन्हा चालवा, यावेळी सीपीशिवाय. निवडीत न आलेल्या फाईल्सची यादी समोर येईल. त्या दुसरीकडे ठेवल्याशिवाय मूळ फोल्डरला हात लावू नका.