लिम्फोमाचे रुग्ण आणि त्वचेची फसवी दुखणी

नागीण हा विकार आपल्याकडे कोणास नवा नाही. कमरेच्या वा छातीच्या एका बाजूस पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो, आग होते आणि घरातील वडीलधारी मंडळी गेरूचा लेप सुचवितात. नागिणीची दोन टोके जुळली की रोगी दगावतो, ही समजूत निराधार होय. तथापि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने, म्हणजेच लिम्फोमाने, आजारी असलेल्या व्यक्तीस नागीण झाल्यास तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. त्यास आवर घालण्याचे काम लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. लिम्फोमात नेमक्या याच पेशी बिघडतात आणि उपचारांमुळे उरल्यासुरल्या निरोगी पेशीही घटतात. परिणामी फोड एका पट्ट्यात न राहता अंगभर पसरू शकतात. क्वचित फुप्फुसे, यकृत वा मेंदूसही बाधा पोहोचते. ॲसिक्लोव्हिरसारखी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास उत्तम गुण येतो. हा अवधी उलटला तरी अशा रुग्णास औषध द्यावेच लागते. गेरूने थंडावा वाटत असेल. विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. जखमेत पू धरला म्हणजे ती पिकली, हे सर्वजण जाणतात. परंतु पू मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचाच बनतो. केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास या पेशी अत्यल्प होतात. मग जंतुसंसर्ग असूनही पू धरत नाही, सूजही बेताचीच दिसते. काखेत वा जांघेत लालसर डाग उमटतो आणि दिवसभरात त्याच्या मध्यभागी काळी खपली धरते. स्यूडोमोनस जंतू रक्तात शिरल्याची ती खूण असू शकते. त्वचेखालील थर सडविणाऱ्या संसर्गात तर वरून फारसे काही न दिसता वेदना मात्र असह्य होतात. अशा वेळी, किंवा ताप १००.४ अंश फॅरेनहाइट वा त्याहून अधिक असल्यास, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

जवळच्या डॉक्टरांकडे जाताना केमोथेरपीची शेवटची तारीख नोंदविलेला केसपेपर बरोबर न्यावा. ती तारीख ठाऊक नसेल, तर पू नसलेला लहानसा डाग पाहून त्यांचीही दिशाभूल होण्याचा संभव असतो.