बोरमाळेचा एक मणी

माझ्या आजीच्या बोरमाळेतील एक मणी गेल्या वैशाखात फुटला आणि बोरमाळेचा मणी भरीव नसतो ही गोष्ट तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आली. कागदासारख्या पातळ सोन्याच्या पत्र्याची दोन अर्धुके, कडेला कड भिडवून त्यांना दिलेला डाक आणि आतील पोकळीत भरलेली लाख, अशी त्याची रचना असते; म्हणूनच थोडक्या सोन्यात बोराएवढा मणी दिसतो आणि बेताच्या परिस्थितीतील कुटुंबाच्या सुनेलाही भरघोस माळ गळ्यात घालता येते. आजी ही माळ घालून माकुणसारच्या आमच्या वाडीत पानवेलींना पाणी घालीत असे. तिच्यानंतर ती आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. बावन्न मण्यांपैकी एकावन्न शाबूत होते. जवळच्या शहरातील एका प्रशस्त दुकानात मी ती दाखविली, तेव्हा समोरच्या तरुणाने ती न न्याहाळताच तराजूत टाकली आणि मोड घालून नवी घ्यावी असा सल्ला दिला. मी माळ उचलून पुन्हा रुमालात बांधली. गावातल्या एका वृद्ध आप्तांनी मग सुचविले की, असल्या कामाला चिंचणीच्या बाजारात जावे, तेथे सोन्याला आकार देणारे पोलादच घडते.

केळवे रोडहून गाडीत बसले की पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरला उतरणाऱ्या गर्दीतील बहुतेक पावले औद्योगिक वसाहतीकडे वळतात. तारापूरच्या बाजूस जाणाऱ्या एस.टी.त माझ्यासोबत चढल्या त्या मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका आणि शाळेची मुले. तारापूर हे नाव आज उच्चारले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्रच लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या खाडीच्या दक्षिणेस तारापूर आणि उत्तरेस चिंचणी वसली आहे, त्या खाडीने या दोन्ही गावांना त्यापूर्वी कितीतरी शतके बंदराचा आणि पेठेचा मान दिला होता. पोर्तुगिजांचा येथील किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतला, त्या हल्ल्यात बाजी भिवरावांसारखा मोहरा पडला. पुढे इंग्रजी अमदानीत याच तारापूरच्या विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी जकातीचे मक्ते घेतले, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला आणला आणि निजामाच्या राज्यात पेढी उघडून असा लौकिक मिळविला की, औरंगाबादच्या टाकसाळीत पडलेला रुपया पेस्तनशाही म्हणून ओळखला जाऊ लागला. रुपया पाडावयाचा म्हणजे आधी पोलादावर त्याचा ठसा उलटा कोरावा लागतो. ही साधी गोष्ट मला त्या दिवशी दुपारी कळावयाची होती.

खाडीवरचा पूल ओलांडला की तालुका बदलतो आणि चिंचणीची वस्ती सुरू होते. येथील जुन्या घरांची घडण व्यापाऱ्याच्या घराची आहे. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे माजघर, वर माडी, आणि दुकानास एकाच दाराऐवजी खाचेत ओळीने बसविलेल्या फळ्या, ज्या सकाळी एकेक करून काढावयाच्या आणि रात्री त्याच क्रमाने लावावयाच्या. एका किराणा दुकानदाराने माझ्यासमोर पावशेर तिळाची पुडी बांधली. कागदाचा कोन, टोकाला मुरड, वरून टांगलेल्या रिळातून ओढलेला दोरा, दोन वेढे आणि बोटाच्या एका झटक्यात तुटलेले टोक. मराठीत भाव सांगून तो शेजाऱ्याशी गुजरातीत बोलत होता, आणि वारली बाईने मिरच्या मागितल्या तेव्हा तिच्या बोलण्याचा हेल आपोआप त्याच्याही बोलण्यात आला. पुढे सुक्या बोंबलांची ओळ, कासाराचे दुकान, शिंप्याचे यंत्र, दोरखंड आणि जाळ्यांचे सूत विकणारी वखार. या सर्वांवरून मी भरभर गेले, कारण रुमालातील माळ मनाला स्वस्थता देत नव्हती.

मात्र याच गावी १९५५ साली सापडलेल्या ताम्रपटांची आठवण तेथून चालताना टाळता येत नाही. त्यांतील सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट नृपती तिसऱ्या इंद्राच्या काळचा आहे. संजाण मंडळाचा कारभार त्या वेळी सुगतिप ऊर्फ मधुमती या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. पंडितांच्या मते मधुमती हे महंमद या नावाचेच संस्कृत रूप. या परधर्मी अंमलदाराने नद्यांवर विनामूल्य तरी चालविल्या, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप देणारे अन्नसत्र घातले आणि देवीच्या मठिकेसाठी दिलेल्या दानास संमती दिली, असे तो ताम्रपट सांगतो. शके ९५६ च्या दुसऱ्या एका ताम्रपटात मठिकेला दिलेले दान आहे ते तेलाच्या एका घाण्याचे. राजाने गाव द्यावा, सुवर्ण द्यावे. येथे दिला आहे तो एक चालता धंदा, ज्याच्या तेलावर देवीपुढचा दिवा नित्य जळावा. बाजारपेठेचे मोल ओळखणारी ही दृष्टी मला फार आदरणीय वाटते. आणि ही सारी हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती कोण्या अनाम कारागिराने तांब्यावर छिन्नी चालविली म्हणून.

बाजाराच्या टोकाला ज्या सोनारांकडे मी गेले, त्यांनी माळ तराजूत न घालता प्रथम तळहातावर घेतली, मग डोळ्याला भिंग लावून एकामागून एक मणी फिरविला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “ताई, मणी मी घडवीन, पण या मापाची डाय माझ्याकडे नाही. आधी डाय करून आणा.” त्यांच्या मुलाने मला मागच्या आळीतील एका घराच्या ओटीवर नेऊन सोडले.

चिंचणीत आणि आसपासच्या गावांत डाय कोरण्याचा हा घरगुती धंदा शतकभर चालत आलेला आहे. देशातील दूरदूरच्या सराफकट्ट्यांवर ज्या कोयऱ्या, पाने, पुतळ्या आणि मणी घडतात, त्यांचे साचे अशाच ओट्यांवर कोरले गेले आहेत. दुकान म्हणावे तर पाटी नव्हती, कारखाना म्हणावे तर आवाज नव्हता. खिडकीशी एक बैठा बाक, त्यावर चिमट्यात घट्ट धरलेला पोलादाचा ठोकळा, डावीकडे लहानमोठ्या पन्नास-साठ छिन्न्या आणि कलमे, आणि भिंतीशी लावलेल्या फडताळात तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेल्या जुन्या डाया. छिन्न्यांपैकी एकही बाजारात मिळणारी नव्हती. पोलादाची कांडी आणावी, घासून हवे तसे टोक काढावे, तिला पाणी द्यावे आणि ती बोथट झाली की पुन्हा घासावी; जसे काम तसे हत्यार, आणि तेही स्वतःच्या हाताने केलेले.

काकांनी, त्यांचे वय पाहून मी त्यांना तसेच म्हणू लागले, मणी भिंगाखाली धरला आणि सुईच्या टोकाने त्याचे कंगोरे मोजले. सोळा भरले. पुन्हा मोजले. मग त्यांनी दुसरा मणी घेतला, तिसरा घेतला, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“ही हातची डाय आहे, ताई. हा कंगोरा बघा, बाकीच्यांपेक्षा बारीक आहे. प्रत्येक मण्याला आहे.”

मी पाहिले. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून जी माळ मी हजारदा बोटांनी चाळविली होती, तिच्या प्रत्येक मण्यावर एक कंगोरा इतर पंधरांहून निरुंद होता, आणि मला तो कधी दिसला नव्हता. काकांनी त्याचे कारण समजाविले. अनाम कोरक्याने वर्तुळाभोवती खाचा पाडण्यास जेथून आरंभ केला, तेथे फिरून येईतो शेवटच्या खाचेला जागा किंचित अपुरी पडली. पोलादातून एकदा निघालेला कण परत बसविता येत नाही, म्हणून त्याने आहे त्या जागेतच ती खाच नीट बसविली. एकाच डायमधून सर्व अर्धुके निघाल्यामुळे ती खूण बावन्नही मण्यांवर उमटली; आणि सोनारही असा जाणता की, दोन अर्धुके जोडताना त्याने बारीक कंगोऱ्यासमोर बारीकच कंगोरा आणला होता.

“मग तुम्ही कसा कोराल? सारखे सोळा?” मी विचारले.

“सारखे केले तर नवा मणी माळेत वेगळा पडेल. तो जिथून सुरू झाला तिथूनच मीही सुरू होणार.”

कामाला आरंभ झाला. ठोकळा आधीच तापवून, राखेत हळूहळू निववून नरम केलेला होता. त्याचा माथा कानशीने सपाट करून काकांनी कंपासाने वर्तुळ आखले आणि गोल टोकाच्या छिन्नीने मधोमध खोली घेण्यास प्रारंभ केला. डाय ही सर्वार्थाने उलटी वस्तू आहे. दागिन्यावर जे सर्वांत उंच दिसावयाचे ते येथे सर्वांत खोल, जो कंगोरा ती येथे खाच, आणि उजव्या सोंडेचा गणपती हवा असेल तर पोलादात सोंड डावीकडे वळवावी लागते. कारागीर जन्मभर अशा रूपांकडे पाहतो जी कोणीही अंगावर घालणार नाही, आणि मनात मात्र त्यांचे सुलटे रूप धरून असतो. खोलीच्या भिंती किंचित बाहेर झुकत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर दाबलेला पत्रा आत अडकून बसतो. हा उतार मोजण्याचे माप नाही, तो बोटांना कळतो. मधूनमधून काका शिशाचा लहान गोळा खोलीत ठोकून त्याची छाप काढीत, ती मूळ मण्याशेजारी उन्हात धरीत आणि पुन्हा एकदोन केसाएवढे पोलाद काढीत. चार तास मी तेथे बसले होते. त्या अवधीत पोलादाचा जो कीस बाकावर साठला तो माझ्या चिमटीत मावला असता.

खाचा पाडण्याचा दिवस दुसरा ठरला होता, आणि मी पुन्हा गेले ते मुद्दाम सकाळीच. पंधरा खाचा काकांनी मूळ मण्याच्या चालीने घेतल्या. सोळावीच्या वेळी त्यांनी छिन्नी खाली ठेवली, चहा घेतला, हात पुसले आणि मग सर्वांत बारीक टोकाचे कलम उचलले. कोण्या परक्या हाताची जी चूक तडजोडीने सावरली गेली होती, ती हेतुपुरस्सर आणि तितक्याच नेटकेपणाने पुन्हा करणे हे निर्दोष काम करण्याहून कठीण आहे, असे मला त्यांच्या मानेच्या ताणलेल्या शिरांवरून दिसले.

कोरीव काम पुरे झाले तरी धोका सरत नाही. नरम पोलादाची डाय चार घावांत बसकी होते; तिला पाणी द्यावे लागते. त्यासाठी काकांनी खिडकी लावून खोलीत अंधार केला, कारण तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात फसवितो. भट्टीत ठोकळा आधी काळसर तांबडा, मग पिकल्या चेरीसारखा लाल झाला. त्याच क्षणी सांडशीने उचलून त्यांनी तो तेलात बुडविला. थोडा अधिक तापला तर तडकतो, थोडा कमी तापला तर कठीण होत नाही, आणि दोन दिवसांची मेहनत त्या एका क्षणी जमेस किंवा खर्ची पडते. धूर निवळल्यावर त्यांनी ठोकळा पुसून कानाशी धरला, नखाने वाजविला. तो खणखणीत वाजला.

आज संगणकावर चित्र काढून यंत्राने डाय कोरता येते, आणि त्यात सोळाच्या सोळा कंगोरे सारखे येतात. काकांना यंत्राचा राग नाही. त्यांचा मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांवरच काम करतो, आणि नियमित पगाराचे महत्त्व त्यांनीच मला सांगितले. तरीही ज्या ओट्यावर पूर्वी चौघे बसत तेथे आता एकच बाक आहे, ही गोष्ट मला सहजपणे स्वीकारता आली नाही, अजूनही येत नाही. त्या फडताळातील शेकडो डाया म्हणजे या प्रदेशाच्या अलंकारांचे दप्तर आहे. कोणत्या कोयरीला किती वळण, पुतळीवरच्या लक्ष्मीचा हात कोठे, वज्रटीकेचा मणी कोठे निमुळता, याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही, ती त्या पोलादात आहे. भंगाराच्या भावाने ते विकले जाऊ नये, यासाठी जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने किंवा महाविद्यालयाने निदान त्यांच्या छापा तरी घेऊन ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोनारांनी डाय ऐरणीवर ठेवली, तापवून मऊ केलेला सोन्याचा पत्रा तिच्यावर, पत्र्यावर शिसे, आणि एक नेमका घाव घातला. पत्रा आत बसला. दुसऱ्या घावाने कंगोरे उठले. शिशाचा कणही राहिला तर डाक देताना सोने ठिसूळ होते, म्हणून अर्धुक तेजाबात धुऊन, पाण्यातून काढून, त्यांनी कड कातरली. दुसरे अर्धुक तसेच झाले. टाकणखार लावून फुंकणीने ज्योत दिली, डाक सांध्यातून धावत गेला, आणि मणी निवल्यावर त्याच्या छिद्रातून वितळलेली लाख आत गेली. मग गाठवून त्यांनी माळ माझ्या हाती दिली.

नवा मणी कोणता हे रंगावरून कळत होते. जुने सोने थोडे तांबूस आहे. मी डोळे मिटले आणि बोट फिरविले. एक, दोन, तीन कंगोरे, आणि मग तो बारीक कंगोरा बोटाला लागला.